पृथ्वीचा सातबारा

वैराग या गावाच्या नावाने परगावच्या माणसांचा फार घोटाळा होतो. पुण्यातल्या एखाद्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी "गाव कोणतं आपलं?" असे विचारावे, मी "वैराग" म्हणावे आणि त्यांनी वाढप्याला "यांना जिलबी नको" अशी खूण करावी, असा प्रकार आजवर दोनदा झाला आहे. वास्तविक आमच्याइतके संसारी गाव सोलापूर जिल्ह्यात दुसरे नसेल. खात्री करायची असेल तर सोयाबीनच्या हंगामात कुठल्याही आडत्याच्या दुकानासमोर उभे राहावे आणि मालात ओल किती धरायची यावरून चाललेले संवाद ऐकावेत. विरक्ती म्हणाल तर बार्शीकडे जाणाऱ्या शेवटच्या एस.टी.ची वाट पाहणाऱ्या उतारूंच्या तोंडावर थोडीफार दिसते. एरवी नाही.

तर अशा गावात, बँकेच्या काउंटरमागे बसून उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाने विनोदी विज्ञानकथेतल्या पात्रांविषयी बोलावे, हे आपल्याला जरा चमत्कारिक वाटेल. मलाही वाटते. दोष आमच्या भाच्याचा आहे. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे, आणि मामा बँकेत फुकट गेला असे त्याचे प्रामाणिक मत आहे. दर दिवाळीला तो मला एक इंग्रजी पुस्तक आणून देतो. मीही ते आनंदाने घेतो, कारण आमच्या टीपॉयचा एक पाय आखूड आहे. पण या खेपेचे पुस्तक पातळ निघाले. टीपॉयला पुरेना. म्हणून वाचले.

'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी' हे त्याचे नाव. डग्लस ॲडम्स या इंग्रज लेखकाची ही गोष्ट १९७८ साली बी.बी.सी.च्या रेडिओवर मालिका म्हणून झाली आणि १९७९ साली पुस्तक होऊन बाहेर आली. आर्थर डेंट नावाचा एक साधा गृहस्थ एका गुरुवारी सकाळी उठतो, तर दारात बुलडोझर उभा. घर बाह्यवळण रस्त्यात चालले आहे. तो तसाच, रात्रीच्या लेंग्यावर ड्रेसिंग गाऊन चढवून, बुलडोझरपुढे चिखलात आडवा होतो. तेवढ्यात कळते की सबंध पृथ्वीच अंतराळातल्या एका मोठ्या बाह्यवळण रस्त्यात चालली आहे. व्होगॉन नावाची हिरव्या रंगाची, तिरसट, कागदी घोडे नाचवणारी जमात येते आणि दोन-पाच मिनिटांत पृथ्वी पाडून मोकळी होते. आर्थर तेवढा वाचतो, कारण त्याचा दोस्त फोर्ड प्रीफेक्ट हा ऐन वेळी परग्रहावरचा निघतो आणि त्याला घेऊन पाडणाऱ्यांच्याच यानात चढतो. पुढे अख्खे विश्व फिरून आर्थरला एकच गोष्ट मिळत नाही. चहा.

पुस्तक संपल्यावर भाच्याचा फोन. "मामा, यातलं कोण तुम्हाला सगळ्यात जवळचं वाटलं?"

आता हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. बँकेत नॉमिनीचे नाव विचारले की भल्याभल्या माणसांचा चेहरा जसा होतो, तसा माझा झाला. 'जवळचा कोण' हे सांगताना माणूस आपले नाव सांगत असतो. मी "विचार करून सांगतो" म्हणून फोन ठेवला आणि विचार करण्याऐवजी गावाला विचारीत सुटलो.

विनोदी विज्ञानकथा म्हणजे काय, हे आधी लोकांना सांगावे लागले. जिच्यात रॉकेट असते, पण ते आपल्या एस.टी.सारखे सुटते, ती विनोदी विज्ञानकथा, अशी मी व्याख्या केली. ती तात्काळ पटली. आणि मग लक्षात आले की हा प्रकार आम्ही लहानपणापासून वाचतो आहोत, फक्त त्याला एवढे भारदस्त नाव आहे हे माहीत नव्हते. चाचा चौधरी! लाल पगडी, पांढऱ्या मिशा, हातात काठी. प्राण यांनी हे म्हातारबाबा 'लोटपोट' या हिंदी नियतकालिकासाठी काढले. घरात राहायला कोण, तर गुरू ग्रहावरून आलेला साबू. आता परग्रहावरचा माणूस म्हटल्यावर इतरत्र सैन्य, शास्त्रज्ञ, पंतप्रधान वगैरे धावाधाव होते. इथे चाचा त्याला घरी नेतो, चाची पराठे वाढते आणि त्या पराठ्यांच्या चवीपायी साबू परत जाण्याचे रद्द करतो. विज्ञानाला हा खुलासा मान्य होईल की नाही ते ठाऊक नाही, पण लेकी-सुनांच्या हातच्या चवीवर मुक्काम वाढवणारे पाहुणे ज्याच्या घरी येऊन गेले आहेत, त्याला त्यात खोटे असे काही दिसत नाही. आठ-आठ आण्यांना भाड्याने आणून आम्ही ती हिंदी पुस्तके वाचली. त्या भाषेची परीक्षा मी दोनदा दिली, पण हिंदी आली ती साबूमुळे.

गावात विचारले तेव्हा पन्नाशीच्या पुढचा प्रत्येक पुरुष "आपण चाचा चौधरी" असे बेधडक म्हणाला. मेडिकलवाले म्हणाले, सोसायटीचे चेअरमन म्हणाले, निवृत्त मास्तर तर बोलण्याआधीच मिशीवर हात फिरवू लागले. चाचाचा मेंदू संगणकापेक्षा वेगाने चालतो, ही त्या कॉमिकमधली प्रसिद्ध अट. ती आपण पुरी करतो याविषयी यातल्या कुणालाही शंका नव्हती. मास्तरांना मी गेल्याच आठवड्यात मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवला होता, पण ते असो. तरुण मंडळी साबूकडे झुकली. विशेषतः जी तालमीत जातात ती. रॉकेट नावाचा चाचाचा कुत्रा मात्र कुणीच झाला नाही, आणि खरे सांगायचे तर त्या घरात सगळ्यात सुखी तोच आहे.

घरी येऊन हे सगळे मी सौ.ला रंगवून सांगितले आणि विचारले, "तुला कोण जवळचं?"

ती पोळ्या करीत होती. न वळताच म्हणाली, "साबू दिवसाला पोळ्या किती खातो?"

"शंभराच्या वर," मी म्हणालो. कॉमिकमध्ये तसेच आहे.

"आणि लाटतं कोण?"

मी गप्प बसलो. त्या बाईचे नाव बिनी, हे मला आठवले, पण ते आठवायला पोळी उलटण्याइतका वेळ लागला. सौ. म्हणाली, "अहो, गुरू ग्रहावरून माणूस आला यात नवल काय? येतातच माणसं. दोन दिवसांसाठी म्हणून येतात. शंभर पोळ्या रोज, हे नवल आहे. त्या बाईवर तुमच्या विज्ञानानं काही शोधलं का?"

तेव्हापासून या विषयात मी जरा सांभाळून बोलतो.

मराठीत म्हणाल तर विज्ञानकथा म्हटले की नाव येते डॉ. जयंत नारळीकरांचे. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि मे २०२५ मध्ये गेले. त्यांच्या कथा गंभीर म्हणून ओळखल्या जातात, पण 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा ज्याने वाचली आहे त्याला विचारा. प्रयोगातून जाऊन एक माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो, डावखुरा होतो, आणि तशा अवस्थेत क्रिकेट खेळतो! भूमिती, गणपती आणि क्रिकेट एका कथेत घालणे हे मराठी माणसालाच सुचावे. शिवाय त्यांची पहिली कथा 'कृष्णविवर' हीच मुळात एक गंमत होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती स्वतःच्या नावाने पाठवलीच नाही. आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असे नाव घेतले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली त्यांच्या पत्नीने, मंगलाताईंनी, आणि त्या स्वतः गणितज्ञ. पहिला नंबर आला. जगतापांचा.

हेही मी उत्साहाने घरी सांगितले. सौ. म्हणाली, "म्हणजे तिथंही हात बाईचाच." मी म्हटले नव्हते का, सांभाळून बोलावे लागते.

'मिस्टर इंडिया' हा १९८७ चा सिनेमा आम्ही गणपतीत व्हिडिओवर पाहिला. मनगटाला कडे बांधले की माणूस अदृश्य. त्या काळात आमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ते कडे हवे होते. पुढे मी बँकेत लागलो आणि कळले, त्यासाठी कड्याची काही गरज नसते. काउंटरच्या काचेमागे मान खाली घालून नोटा मोजू लागलो की माणसे माझ्याआरपार मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचतात. बाजारात भेटली तर ओळखत नाहीत. "कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय," म्हणतात. मिस्टर इंडिया लाल प्रकाशात दिसतो, मी सर्व्हर बंद पडल्यावर दिसतो.

पण मूळ प्रश्न आर्थरचा. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे जगभरच्या वाचकांना आर्थर जवळचा वाटतो, कारण तो कुणीच नाही. त्याला यान चालवता येत नाही, त्याच्याकडे शस्त्र नाही, मेंदू संगणकापेक्षा वेगाने चालत नाही. तो फक्त बावरतो, आणि बावरण्यात हुशार आहे. हे वाचताना मला सारखे वाटत होते की या गृहस्थाला आपण ओळखतो. कुठे पाहिले बरे? आणि एकदम उलगडा झाला. हा तर आपला चिमणराव! चिं. वि. जोशींचा. तोही कारकून, तोही सरळ, त्याच्याही अंगावर सगळे येऊन कोसळणार, आणि कोसळताना हा आपला शिष्टाचार सोडणार नाही. १९७७ साली दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी तो केला. मी त्यानंतर जन्मलो, पण अलीकडे मोबाइलवर काही भाग पाहिले. त्या चिमणरावाला पगडी-उपरणे काढून ड्रेसिंग गाऊन घाला आणि यानात बसवा, आर्थर तयार. आणि फोर्ड प्रीफेक्ट? ज्याला सगळे ठाऊक असते, जो बिनदिक्कत कुठेही घुसतो, आपल्याला संकटात घालतो आणि तोच बाहेरही काढतो, तो दुसरा कोण असणार? गुंड्याभाऊ! इंग्रजांना जे १९७८ साली सुचले ते आमच्याकडे त्याच्या कितीतरी वर्षे आधी होते, फक्त आमचे लोक पृथ्वी सोडून गेले नाहीत. सोडतील कशी? घरी काऊ वाट बघत असणार.

हा शोध मी शाखेत जाहीर केला. आमच्या शाखेत एक तरुण मुलगी आहे. मेकॅनिकल इंजिनिअर. परीक्षा देऊन बँकेत कारकून म्हणून लागली आणि दिवसभर पासबुके छापते. तिने ते पुस्तक माझ्याकडून नेले आणि दोन दिवसांत परत दिले. त्यात मार्विन नावाचा एक यंत्रमानव आहे. ग्रहाएवढा मेंदू, आणि काम काय, तर पाहुण्यांना दारापासून आत घेऊन या. म्हणून तो कायम उदास. मुलगी पुस्तक ठेवताना एवढेच म्हणाली, "सर, मार्विन." आणि पुढच्या माणसाचे पासबुक यंत्रात सरकवले. त्यावर मला काही विनोद सुचला नाही.

एका गोष्टीत मात्र ॲडम्ससाहेबांनी आम्हाला जिंकले. त्यांच्या पुस्तकात असे सांगितले आहे की विश्वात भटकणाऱ्या माणसाजवळ सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे टॉवेल. पांघरा, अंथरा, ओला करून हाणामारीला वापरा. शिवाय ज्याच्याजवळ टॉवेल आहे त्याच्याजवळ बाकीचे सगळे असणारच असे लोक धरून चालतात आणि जे नसेल ते उसने देतात. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बाहेर पाहिले. आमच्या बँकेच्या रांगेत खांद्यावर टॉवेल नसलेला शेतकरी शोधावा लागतो. सोलापूरच्या टॉवेलला तर भौगोलिक मानांकन आहे, चादरीसारखेच. घाम पुसा, फेटा नसेल तर डोक्याला गुंडाळा, भाजी बांधा, झाडाखाली अंथरा आणि एस.टी. लागली की गर्दीत न शिरता खिडकीतून आत टाका. जागा धरली! टॉवेल पडलेल्या जागेवर दुसरा बसत नाही. बसला तर गाव मध्ये पडते. ॲडम्स ११ मे २००१ ला गेले, वय अवघे ४९. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २५ मे रोजी, त्यांच्या चाहत्यांनी दिवसभर टॉवेल जवळ बाळगून त्यांची आठवण केली, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला हा टॉवेल दिन पाळतात म्हणे. आमच्याकडे तो रोज असतो.

हा टॉवेलचा मजकूर मी पहिल्यांदा सांगितला तो एका आजोबांना. त्याचे असे झाले. हे आजोबा दर महिन्याला श्रावणबाळ योजनेचे पैसे न्यायला येतात. जन्मभर कुदळ-फावडे हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र म्हणते, हा तो माणूस नव्हे. मग दुसरे बोट. मग ओल्या टॉवेलने बोट पुसून पुन्हा. मग दुसरा हात. या खटपटीत बराच वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात बोलायला काहीतरी लागते. शिवाय त्या दिवशी त्यांच्या हातात एक नोटीस होती. रस्ता रुंद होणार होता आणि त्यांच्या घराची पुढची पडवी अन् निम्मा सोपा त्यात चालला होता. नोटीस वाचून दाखवा म्हणाले. मी वाचून दाखवली आणि त्यांना जरा बरे वाटावे म्हणून आर्थर डेंटची हकीकत सांगितली. माझी समजूत अशी की ते हसतील.

हसले नाहीत. उजव्या हाताची अनामिका यंत्रावर दाबून धरीत त्यांनी विचारले, "मंग सायेब, त्येला मोबदला मिळाला का?"

"कुणाला?"

"त्या आरतारला. घर गेलं न्हवं त्येचं?"

मी पुस्तक आठवून पाहिले. मोबदल्याचा उल्लेख नव्हता. मी म्हणालो, "आजोबा, मोबदला कुठला? सगळी पृथ्वीच गेली."

"आसं कसं? पिर्थिमीचा सातबारा कुनाच्या नावावर हुता?"

यावर व्होगॉन काय म्हणाले असते कोण जाणे. रांगेतले दोघे-तिघे जवळ सरकले. एक म्हणाला, "हरकत घ्यायची मुदत आसंल की." आता हे पुस्तकात होते. मी सांगितले, हो, नकाशे लावले होते, पन्नास वर्षे लावले होते, पण अल्फा सेंटॉरी या ताऱ्याजवळच्या कचेरीत. कुणी जाऊन पाहिले नाहीत, ही पृथ्वीवरच्यांची चूक. "लांब हाय का?" एकाने विचारले. सूर्य सोडला तर आपल्याला सगळ्यात जवळचे तारे तेच, पण उजेडाला तिथे पोचायला सव्वाचार वर्षांहून जास्त लागतात, मी म्हणालो. यावर आजोबांनी पहिल्यांदाच मान डोलावली. नोटिशीवर ज्या कचेरीचे नाव होते तिथे ते तीनदा जाऊन आले होते. एकदा साहेब नव्हते, एकदा नकाशा नव्हता, एकदा साहेब आणि नकाशा दोन्ही होते पण वार चुकला होता.

आर्थरच्या घराचा नकाशा तर गावातच होता, पण कुठे? तळघरात. तिथे दिवा नाही, जिना नाही. बंद पडलेल्या संडासात कुलूप घातलेले कपाट, आणि दारावर पाटी, आत बिबळ्या आहे, जपून. एवढे सांगितले आणि रांग हसली. आजोबा सोडून. ते म्हणाले, "बिबळ्या न्हवता, पर कुत्रं हुतं."

मग मी त्यांना फोर्डची युक्ती सांगितली. फोर्ड काय करतो, तो रस्त्याच्या कामावरच्या साहेबाशी बोलत बसतो, आणि बोलता-बोलता त्या साहेबालाच आर्थरच्या जागी चिखलात आडवे व्हायला लावतो. आर्थर मोकळा.

"सायबाला?" आजोबांची बोटे यंत्रावरून उठली. "बुलडोझरम्होरं? सायबाला झोपीवला?" आणि मग ते असे हसले की टॉवेलने डोळे पुसावे लागले. पुसून झाल्यावर म्हणाले, "ह्यो दोस्त झ्याक हाय. आसा एक पायजे मानसाला." थोडा वेळ थांबून त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिले. "आन तुमी वो सायेब? तुमी ह्यातलं कोन?"

भाच्याने फोनवर विचारले होते तोच प्रश्न. पण भाचा पुण्याला होता आणि हे गृहस्थ दोन फुटांवर, मध्ये काच. आर्थर, असे म्हणणार होतो. जीभ उचलली होती. पण दरवर्षी हेच आजोबा माझ्यापुढे उभे राहतात आणि मी त्यांना म्हणतो, "जिवंत असल्याचा दाखला आणलाय का?" ते म्हणतात, "हा काय उभा हाय." मी म्हणतो, "उभं राहून चालत नाही, कागद लागतो." नियम तसा आहे, आणि मी तो केलेला नाही. व्होगॉनांविषयी पुस्तकात लिहिले आहे की ते दुष्ट नसतात, पण तीन प्रतींमध्ये हुकूम आल्याशिवाय स्वतःच्या आजीलाही वाचवणार नाहीत. वाचताना मी यावर फार हसलो होतो. आमच्या शाखेत तीन प्रतींची पद्धत बंद होऊन आता दोनच लागतात, एवढाच फरक.

भाचा म्हणतो, सगळ्यांना आर्थर जवळचा वाटतो. वाटणारच. काउंटरच्या बाहेरून सगळेच आर्थर असतात. मीही वीजबिलाच्या खिडकीपुढे, मुलाच्या शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत, ड्रेसिंग गाऊनमधला आर्थरच असतो. पण सकाळी दहा ते दुपारी चार, काचेच्या आत? व्होगॉन जवळचा वाटतो असे सांगणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. त्यांची संख्या मात्र पुस्तकात आर्थरपेक्षा बरीच जास्त आहे आणि गावातही असावी. (व्होगॉन कविता करतात, आणि ती विश्वातली तिसऱ्या क्रमांकाची वाईट कविता असते, असेही त्यात आहे. आमच्याकडे निरोपसमारंभाला ज्या होतात त्यांचा क्रमांक मी नोकरीत असेपर्यंत सांगणार नाही.)

त्याच पुस्तकात एक प्रचंड संगणक पंचाहत्तर लाख वर्षे खपून विश्वाच्या कोड्याचे उत्तर काढतो, ४२, आणि मग लक्षात येते की प्रश्नच कुणी नीट विचारला नव्हता. लोक यावर हसतात. बँकेतला माणूस हसत नाही. रोज संध्याकाळी रोकड जुळवताना असा बेचाळीसचा फरक कुठूनतरी येतो आणि प्रश्न शोधीत आम्ही साडेसहापर्यंत बसतो.

आजोबांचा प्रश्न मात्र नीट विचारलेला होता. मी म्हणालो, "सांगतो. आधी अंगठा लागू दे." त्या वेळी लागला. डाव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटाने यंत्राची खात्री पटली आणि पैसे निघाले. ते मोजून त्यांनी टॉवेलच्या टोकात बांधले.

"त्या नोटिशीवर हरकतीचा अर्ज दिलाय का?" मी विचारले.

"कोन लिवनार? नातू हाय, त्यो मोबाइलात लिवतो."

"मुदत परवापर्यंत आहे. दीडला आमची जेवणाची सुट्टी असते. थांबा. नोटिशीची झेरॉक्स लागेल, आणि घरपट्टीची पावती. दोन प्रती करा." तीन म्हणणार होतो, पण सावरले.

आजोबा उठले. झेरॉक्सचे दुकान समोरच, पण तिथेही रांग. त्यांनी बाकावरच्या आपल्या जागेकडे पाहिले, मग घड्याळाकडे, मग गाठ सोडून पैसे कोपरीच्या खिशात घातले. खांद्यावरचा टॉवेल झटकून त्याची घडी केली आणि काचेखालच्या फटीतून माझ्या टेबलावर सारली.

"जागा धरून ठिवा सायेब," ते म्हणाले. "आलोच."